खुबा बदलायला बेळगावला

पैशाचं आधी सांगून टाकतो, कारण या ऑपरेशनबद्दलचा फोन गावाकडनं असो नाहीतर अमेरिकेतनं, दुसरा प्रश्न तोच असतो. मी मूळचा बेळगावातल्या अनगोळचा, आता अमेरिकेत इंडियाना राज्यात फोर्ट वेनला, सगळं आयुष्य मशीन शॉपमधे गेलं. उजव्या खुब्याला एव्हीएन झालं, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचं रक्त बंद होतं आणि तो आतल्या आत ढासळत जातो. दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडचे कोर्स घेतले होते त्याचा प्रसाद. डॉक्टर म्हणाला रिप्लेसमेंट, आणि त्याच सुमाराला शॉपनं माणसं कमी केली, त्यात माझाही नंबर लागला, नोकरी गेली की तिकडं इन्शुरन्सही जातो. मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणीचा सरकारी इन्शुरन्स, ६५ ला मिळतं, मला अजून अवकाश. रोखीनं करायचं तर एस्टिमेट आलं चाळीस हजार डॉलरच्या पुढं. मार्केटप्लेसवरचा, म्हणजे सरकारी वेबसाइटवरनं आपला आपण विकत घ्यायचा इन्शुरन्स प्लॅन घ्यायचा तर महिन्याचा हप्ता वेगळा आणि वर तेव्हा वर्षाला नऊ हजार डॉलरपर्यंत खिशातनं जायची तयारी ठेवायची, म्हणजे सात-आठ लाख रुपये झालेच. ओढूनताणून तेही जमलं असतं, खोटं कशाला बोलू. पण घरात आम्ही दोघंच, बायकोची नोकरी, आणि तिकडं ऑपरेशन झालं की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. मग संडासला धरून कोण नेणार?

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "इकडं ये की गप. तिकडं काय करूलालास?"

यातली गंमत अशी की आमच्या फोर्ट वेनच्या घरापासनं चाळीसेक मैलांवर वॉर्सा नावाचं छोटं गाव आहे, तळ्याकाठचं, झोपाळू. जगातल्या खुब्या-गुडघ्यांच्या इम्प्लांटची राजधानी म्हणतात त्याला. डीप्यू कंपनी १८९५ साली तिथं निघाली, झिमर १९२७ साली तिथंच. अशा कामाला लागणारे पार्ट आमच्या भागातल्या कितीतरी शॉपमधे निघतात. म्हणजे माल शेजारच्या गावात आणि तो बसवून घ्यायला मी निम्म्या जगाला वळसा घालणार.

शनिवार, रविवार – विमानात

शिकागोपर्यंत बायकोनं गाडीनं सोडलं, तिथनं दोहा, दोहाहून मुंबई. कुणी असं जाणार असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगा, लाजू नका. मी आधी लाजलो होतो, पण शिकागोच्या ओहेअर विमानतळावर गेटपर्यंतचं अंतर बघून लाज पळाली. सीट आयलची घ्यायची आणि दुखरा पाय आयलच्या बाजूला येईल अशी घ्यायची. डॉक्टरनं पोटरीला घट्ट बसणारे मोजे दिले होते, कारण एवढ्या लांबच्या प्रवासात पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते, आणि ऑपरेशनच्या तोंडावर ते नकोच. दर दोन तासांनी उठून मागच्या टॉयलेटपर्यंत लंगडत जायचं, पाणी प्यायचं. शेजारचा पोरगा हैदराबादचा, दरवेळी कुरकुर न करता उठला, देव त्याचं भलं करो.

हातातल्या बॅगेत एक्सरे आणि एमआरआयची सीडी, औषधांची यादी, ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते. ओसीआय असेल तर व्हिसाची भानगड नाही. ज्यांच्याकडं नसेल त्यांनी सरळ मेडिकल व्हिसा काढावा, बरोबरच्या माणसाला अटेंडंटचा मिळतो. टुरिस्टवर येऊन ॲडमिट व्हायच्या फंदात पडू नये.

सोमवार – सांबरा

मुंबईहून छोट्या विमानानं बेळगाव. सांबऱ्याला उतरलो की सगळं पाच मिनिटांत संपतं, बॅगा येतात, बाहेर माणसं दिसतात. दादा आणि पुतण्या आले होते, पुतण्यानं पुढची सीट मागं सरकवून वर उशी टाकलेली, म्हणजे गुडघा खुब्यापेक्षा वर जायला नको. "यूट्यूबवर बघितलं" म्हणाला. हवेत गारवा, डिसेंबर लागलेला. गांधीनगरच्या पुलाखालनं शहरात शिरलो आणि पुढं दुसऱ्या रेल्वे गेटात अडकलो, ते आलंच.

घरी दादानं पलंगाच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे घातले होते. उद्यमबागेत आमचं वर्कशॉप, तिथल्याच पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड. प्रत्येक ठोकळ्याला मधे पायाच्या मापाचा खड्डा मारलेला, पाय सरकू नये म्हणून. मोजून चार इंच. टॉयलेटला कमोड होताच, त्यावर बसवायला उंच सीट मेडिकलवाल्याकडनं आणलेली. आणि बाथरूममधे दोन हँडल, स्टीलची, वर्कशॉपमधेच वाकवून बफ मारलेली, भिंतीत अँकर बोल्ट ठोकून. मी लोंबकळून बघितलं, हलली नाहीत.

मंगळवार – ओपीडी

हॉस्पिटलचं नाव घालत नाही, कारण मग लोक तिथं जाऊन माझं बिल दाखवतात आणि भांडतात. बेळगावात हाडांचे चांगले सर्जन आहेत, मेडिकल कॉलेजं आहेत, सिंधुदुर्ग, गोवा, कोल्हापूरकडचा पेशंटही इथं येतो. मी तीन ठिकाणी आधी व्हिडिओ कॉलवर बोललो होतो. एका ठिकाणी सांगितलेल्या आकड्यात इम्प्लांट धरलेलंच नव्हतं, ते मी दोनदा खोदून विचारल्यावर कळलं. ती जागा तिथंच कटाप.

सर्जन पन्नाशीचे, मराठी-कन्नड दोन्ही सारखंच बोलणारे. अमेरिकेचा एक्सरे त्यांनी बघितला आणि बाजूला ठेवला, नवीन काढायला सांगितला, आणि काढताना मांडीजवळ एक स्टीलचा गोळा ठेवला. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले गोळ्याचं माप ठरलेलं आहे, एक्सरेत तो केवढा मोठा दिसतो त्यावरनं तुमचं हाड खरं केवढं ते काढायचं. म्हणजे आमच्या भाषेत मास्टर, ठरल्या मापाचा तुकडा, लावून गेज सेट करायचा. तिथंच माझा माणसावर विश्वास बसला.

मग त्यांनी टेबलावर नमुना ठेवला. टायटेनियमची दांडी, ती मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून बसवतात. टायटेनियमची वाटी, ती कंबरेच्या हाडात, तिची बाहेरची बाजू खडबडीत, म्हणजे हाड त्यात वाढून पकडतं. वाटीत पॉलिथिनचं अस्तर, आणि दांडीच्या टोकावर गोळा, धातूचा नाहीतर सिरॅमिकचा. मी दांडीच्या मानेवर बोट फिरवलं आणि हसायलाच आलं, टेपर! मोर्स टेपर, म्हणजे टोकाकडं निमुळती होत जाणारी दांडी. गोळा त्यावर ठेवायचा आणि ठोकायचा, बस्स. स्क्रू नाही, पिन नाही. उद्यमबागेतला कुठलाही पोरगा ड्रिल चक लेथच्या टेलस्टॉकमधे जसा बसवतो तसाच, स्टीफन मोर्सनं १८६४ साली काढलेली युक्ती, आणि माणसाच्या मांडीत तीच. सर्जनना म्हटलं टेपर पुसून कोरडा करता ना बसवताना, ते म्हणाले हो, रक्ताचा थेंब राहता कामा नये. बरोबर, नाहीतर पकडणारच नाही.

त्यांनी दोन-तीन पर्याय दिले. धातूवर धातू घासणारा खुबा नको हे मी वाचून गेलो होतो. डीप्यूचाच एएसआर नावाचा खुबा होता तसला, ऑगस्ट २०१० मधे कंपनीनं जगभरातनं परत मागवला, कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात जायचे, भारतातही कितीतरी लोकांना बसवलेला होता. ते म्हणाले तसलं आता इथं कोण बसवत नाही. सिरॅमिकचा गोळा आणि क्रॉसलिंक केलेल्या, म्हणजे कमी झिजणाऱ्या पॉलिथिनचं अस्तर असं ठरलं, सिरॅमिकचे थोडे जास्त. सगळं मिळून पावणेतीन लाख, खोली आणि इम्प्लांट धरून. गुडघ्याच्या इम्प्लांटला सरकारनं ऑगस्ट २०१७ मधे किमतीची कमाल मर्यादा घातली, तशी खुब्याला नाही, म्हणून इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल लेखी घ्यायचंच.

किती वर्षं टिकेल विचारलं. सर्जन म्हणाले गॅरंटी कार्ड देत नाही मी. मग मी वाचलेलं सांगितलं, २०१९ साली लॅन्सेटमधे आलं होतं की शंभरातले अठ्ठावन्न खुबे पंचवीस वर्षं टिकतात. ते म्हणाले, ते जुने खुबे, त्यातलं पॉलिथिन जुनं, तुमचं त्याहून बरं जाईल, पण तुम्ही पडला नाहीत तर.

बुधवार ते शनिवार

तपासण्या. रक्त, शुगर, लघवीचं कल्चर, ईसीजी, टूडी एको. आणि दात. हो, दातांच्या डॉक्टरकडं पाठवलं, कारण तोंडात कुठं पू असेल तर ते जंतू रक्तातनं नवीन सांध्यात जाऊन बसतात आणि मग सगळं काढून परत करायची पाळी येते. एक दाढ निघाली. लगेच ऑपरेशनही केलं नाही त्यांनी, म्हणाले एवढं उडून आलायसा, चार दिवस हिंडा-फिरा घरात.

बाकी वेळ पाहुणे. बेळगावात आजारी माणसाला भेटायला मोकळ्या हातानं कोण येत नाही, कुंद्याचे पाच डबे जमले, आणि शुगर बॉर्डरवर.

रविवार संध्याकाळ – ॲडमिट

दुसऱ्या दिवसापासनं विधानसभेचं हिवाळी अधिवेशन. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, दरवर्षी डिसेंबरात अख्खं बेंगळूर उठून इथं सुवर्ण विधानसौधमधे येतं, मंत्री-आमदार-अधिकारी-पोलीस. लॉजमधे खोल्या मिळत नाहीत, रोज कुणाचा ना कुणाचा मोर्चा, हायवेला गाड्या तुंबलेल्या. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी आहे की नाही यावर चावडी रंगलेली, नेहमीचंच. बायकोचा भाऊ पुण्याहून येणार होता त्याला कुठं खोली मिळेना, शेवटी घरातच गादी टाकली. कुणी परदेशातनं नातेवाइकांना घेऊन इथं येणार असेल तर अधिवेशनाच्या तारखा बघूनच तारीख घ्या, हे तुम्हाला कुठलंही हॉस्पिटल सांगणार नाही.

संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत. इंटर्न पोरगी खानापूरकडची, तिनं शेजारी बसून एकेक ओळ मराठीत सांगितली, रक्तस्राव, इन्फेक्शन, सांधा निखळणं, पाय लांब-आखूड होणं, गुठळी. दादाचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, निदान सांगितलं तरी.

सोमवार – ऑपरेशन

पाठीत इंजेक्शन, कमरेखालचं सगळं गेलं. गुंगीचं औषध देणार होते, मी म्हटलं थोडंच द्या, ऐकू येऊ दे. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "कशाला ओ?" म्हटलं धंदाच आहे आमचा.

कुशीवर झोपवलेलं, समोर हिरवा पडदा, त्यामुळं दिसत काहीच नव्हतं. वेदना नाही, पण धक्के कळतात, कुणीतरी गादीसकट हलवतंय असं. आधी करवतीचा आवाज, तो बारीक, लगेच संपला, जुना गोळा निघाला. मग रीमर. वाटीची जागा गोल करायला अर्धगोल रीमर असतात, जाळीदार, एकेक माप वाढवत जातात. सर्जन नुसते आकडे बोलत होते आणि सिस्टर हातात देत होती, शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास, एकावन्न. आणि एकावन्नवर थांबून म्हणाले बावन्नची वाटी द्या. मी पडद्याआडनं म्हणालो, "एक एमएम इंटरफिअरन्स?" म्हणजे भोकापेक्षा वाटी एक एमएम मोठी, ठोकली की घट्ट बसणारी. थिएटरमधे दोन सेकंद शांतता, मग हसले सगळे. सर्जन म्हणाले, "हो ओ, प्रेस फिट. गप पडा आता."

मग हातोडी. हे लोकांना भयानक वाटेल पण मला सांगायचंच आहे. मांडीच्या पोकळीत आधी रास्पसारखं, म्हणजे जाड कानशीसारखं हत्यार ठोकतात, ब्रोच म्हणतात त्याला, ते पण मापं वाढवत. सुरुवातीला ठोक्याचा आवाज बद्द येतो, पोकळ. माप वाढत जाईल तसा तो चढत जातो, आणि एका ठिकाणी टणक, वाजता होतो, आणि त्यानंतर सर्जन एकही ठोका जास्त मारत नाही. बेअरिंग प्रेस करताना अगदी तेच असतं, सीट लागलं की आवाज बदलतो, जुने फिटर डोळे मिटून सांगतात. त्यांनी पण तेच ऐकलं आणि थांबले, मी ते ऐकलं. पुढं एक ठोका जास्त पडला असता तर हाड चिरलं असतं. शेवटी गोळा टेपरवर, एकच दणका, आणि पाय ओढून, फिरवून, वाकवून बघितला, जागेवर गेला तो आवाज पण आला, खळ्ळ. त्यानंतर मला झोप लागली.

बाहेर येईपर्यंत दादा नव्हताच, मोर्च्यामुळं रस्ता बंद, तो काकतीकडनं वळसा मारून येऊलालाता. वैनी होती.

मंगळवार – उभा राहिलो

दोन्ही पायांच्या मधे त्रिकोणी उशी बांधलेली, म्हणजे पाय एकमेकांवर जाऊ नयेत. पहाटेपासनं दुखायला लागलं, भूल उतरली ना. सिस्टर गोकाककडची, मराठी कळायची पण बोलताना कन्नडच यायची, "नोव ऐतेनरी?" म्हणजे दुखतंय का. म्हटलं भरपूर ऐते. तिनं ड्रिपमधे काहीतरी सोडलं.

दुपारी फिजिओथेरपीची पोरगी वॉकर घेऊन आली. मी म्हटलं आजच? ती म्हणाली काल संध्याकाळीच उभं करणार होते, बीपी खाली होतं म्हणून सोडलं. कडेला बसवलं, चक्कर आली, थांबली, परत. आणि उभा राहिलो. खुब्यातली ती जुनी कळ, जी दोन वर्षं प्रत्येक पावलाला यायची, ती नव्हतीच. कापल्याचं दुखत होतं, टाके ओढत होते, मांडी सुजून टम्म, पण ती कळ नाही. पाच पावलं दारापर्यंत, पाच परत. मागनं सिस्टर ओरडली, "काल मडचब्याडरी!" म्हणजे पाय दुमडू नका.

नियम असे. नव्वद अंशाच्या पुढं वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. पाऊल आत वळवायचं नाही. खाली बसायचं नाही, मांडी तर अजिबात नाही. सांधा मागनं उघडून केलेला असतो, त्या बाजूचं शिवण धरेपर्यंत गोळा वाटीतनं मागं निसटू शकतो. हे नियम सोप्पे वाटतात. मोबाईल जमिनीवर पडला की कळतं.

बुधवार, गुरुवार

फार काही नाही. शेजारच्या कॉटवर सौंदत्तीकडचे एक आजोबा, पडून खुबा मोडलेला, त्यांच्या घरचे सगळे मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यल्लम्माच्या यात्रेच्या गडबडीत, तरी आळीपाळीनं कुणी ना कुणी भंडारा लावून यायचं आणि मला पण लावून जायचं.

रोज पोटाला एक इंजेक्शन, गुठळी होऊ नये म्हणून. घरी गेल्यावर त्याचीच गोळी, खुब्याच्या ऑपरेशननंतर साधारण ३५ दिवस. ही चुकवायची नाही.

शुक्रवार – डिस्चार्ज

बिल दोन लाख शहाऐंशी हजार. पावणेतीनच्या वर जे आलं ते औषधं आणि दोन जास्तीच्या तपासण्या, पावत्या जोडलेल्या. फाईलमधे शेवटच्या पानावर चार स्टिकर, एकेका भागाचा एकेक, वाटी, अस्तर, दांडी, गोळा, त्यावर माप, लॉट नंबर, बारकोड. हे पान सोन्यासारखं जपायचं, पुढं कधी काही निघालं, कंपनीनं माल परत मागवला किंवा अस्तर बदलायची वेळ आली, तर नंबराशिवाय कुणी काही करू शकत नाही. मी फोटो काढले, ईमेल केले, झेरॉक्स काढल्या. दांडीच्या स्टिकरवर बारीक अक्षरात पत्ता, वॉर्सा, इंडियाना. दादाला दाखवला. दादा म्हणाला, "मग तिथल्याच गेटातनं उचलून आणला असतास तर आणि स्वस्त पडलं असतं की."

पुढचे दिवस – अनगोळ

इथं खरा हिशेब सुरू होतो आणि हा कुठल्याच बिलात नाही.

सकाळी साडेपाचला वैनी उठणार, माझं पाणी तापवणार. पुतण्या मोजे चढवणार, ते घट्ट मोजे चढवणं म्हणजे अर्ध्या तासाची कुस्ती, मी वाकू शकत नाही. वॉकरनं बाथरूमपर्यंत जाताना कुणीतरी मागं हवंच, फरशी ओली नाही ना हे आधी कुणीतरी बघायचं. नाष्टा पलंगाशेजारी उंच स्टुलावर. अकराला फिजिओ घरी, त्याला चहा. दुपारी ड्रेसिंग. रात्री दोनला मला लघवी लागली की दादा उठणार, साठी उलटलेला माणूस, आणि सकाळी परत आठला वर्कशॉप. वैनीचं ब्लाऊज शिवायचं काम आहे घरातच, ते सगळं मागं पडलं, लग्नसराईचे कपडे अडकले, गिऱ्हाईक दारात येऊन बोलून गेलं ते मी आतनं ऐकलं.

अमेरिकेत हे सगळं विकत घ्यायचं तर तासाला तीस-पस्तीस डॉलर. इथंही बाहेरची बाई ठेवली असती तर महिन्याचा खर्च आलाच, आणि हॉटेलात राहिलो असतो तर विचारूच नका. म्हणून जे लोक मला फोन करून विचारतात भारतात एवढं स्वस्त कसं, त्यांना मी सांगतो, ऑपरेशन स्वस्त आहे ते पगार कमी म्हणून, आणि त्यानंतरचं फुकट आहे ते वैनी आहे म्हणून. ज्यांचं इकडं चालतं घर नाही, नुसतं तिकीट आणि पॅकेज बघून यायचं आहे, त्यांनी सहा आठवड्यांचं राहणं आणि दोन माणसांचा पगार आधी धरावा आणि मग बेरीज करावी. मी वैनीला पैसे देऊ केले तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की विषय तिथंच मिटला. शेवटी तिच्यासाठी नवीन मोटरची शिलाई मशीन घेतली, गणपत गल्लीतनं, पुतण्याला पाठवून. ती घेतली तिनं, पण चार दिवस बोलली नाही.

सल्ले मात्र सगळ्यांचे. पायाचं सूप प्या, डिंकाचे लाडू खा, नाचणीची आंबील. पायाच्या सुपानं टायटेनियमला काय होणार, पण थंडीत बरं लागतं, म्हणून पीत गेलो. आमच्या पश्चिम भागातली रताळी निघालेली, वैनी चुलीत भाजून द्यायची, त्यासाठी मी ऑपरेशन परत करून घेईन.

एकदा घरात सत्यनारायण. सगळे पाटावर, मी एकटा उंच खुर्चीवर, देवापेक्षा वर. भटजींनी तीर्थ द्यायला हात पुढं केला आणि मी सवयीनं पुढं वाकलो, तर मागनं वैनी ओरडली, "भावजी, वाकतासा की परत!" भटजीच दचकले.

टाके काढल्यानंतर

वॉकर सुटला, काठी आली. ती उलट्या हातात धरायची, डाव्या. बघणारा प्रत्येक जण टोकायचा, पाय उजवा आणि काठी डावीकडं कशी. पण तसंच असतं, चालताना डावा हात आणि उजवा पाय एकदम पुढं जातात, भार वाटला जातो.

रोज थोडं थोडं लांब. अनगोळातनं वडगावच्या बाजूला गेलो एकदा पुतण्याबरोबर, तिकडं गल्ल्यांमधे अजून माग चालतात, पूर्वीएवढे नाहीत, पण उन्हात उभं राहिलं की भिंतीमागनं खटखट ऐकू येते. मी पुतण्याला सांगितलं की माझ्या खुब्यातलं पॉलिथिन मूळचं मागातलं आहे. त्याला वाटलं काका गोळ्यांच्या गुंगीत आहे. पण खरं आहे ते. जॉन चार्नली म्हणून इंग्लंडचा सर्जन, त्यानं आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती दोन-चार वर्षांत झिजून बाद झाली, शेकडो पेशंटचे सांधे खराब झाले. मग एक विक्रेता लँकेशायरच्या मागांसाठीच्या गिअरचं प्लॅस्टिक घेऊन त्याच्या वर्कशॉपमधे आला, तिथल्या कारागिरानं ते मशीनवर घासायला लावलं, आणि ते झिजेचना. १९६२ च्या नोव्हेंबरात चार्नलीनं तेच माणसात बसवलं, आणि आजचा खुबा तिथनं सुरू झाला. पुतण्या म्हणाला, "म्हणजे वडगावच्या मागवाल्यांना पण रॉयल्टी पाहिजे."

शेवटची तपासणी

सहा आठवडे झाल्याशिवाय सर्जननी विमानाचं नावच काढू दिलं नाही. कितीतरी लोक पंधरा दिवसांत परतीचं तिकीट काढून येतात म्हणाले, आणि एवढा लांबचा प्रवास ताज्या सांध्यावर म्हणजे गुठळीला आमंत्रण. खरं तर तीन महिने थांबलात तर उत्तम. मी सात आठवड्यांवर तडजोड केली, मोजे आणि गोळी प्रवासापुरती परत सुरू करून. एक्सरे चांगला, दांडी सरकलेली नाही, दोन्ही पाय सारखे. सीडी, डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची नोंद, स्टिकरचं पान, सगळं दोन-दोन प्रतींत.

सांबऱ्याला डिटेक्टर वाजला. वाजणारच. सर्टिफिकेट दाखवून काही उपयोग नाही, आधीच सांगायचं की खुब्यात धातू आहे, ते बाजूला घेऊन हातातल्या मशीननं तपासतात, दोन मिनिटांचं काम. मुंबईत परत, दोह्यात परत.

फोर्ट वेन

आल्यावर एक अडचण आली ती सांगतो, कारण याचा विचार निघताना कुणी करत नाही. दुसऱ्या देशात केलेल्या ऑपरेशनचा फॉलोअप घ्यायला इथले हाडांचे डॉक्टर तयार होत नाहीत, पुढं काही झालं तर जबाबदारी कुणाची म्हणून. दोन क्लिनिकनी फोनवरच नको म्हटलं. शेवटी माझ्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरनं एक्सरेची चिठ्ठी दिली, रोखीनं एक्सरे काढणारं सेंटर सापडलं, शंभर डॉलरच्या आत. त्याची सीडी घरी कॉम्प्युटरवर उघडली आणि फोटो बेळगावला व्हॉट्सॲपवर. सर्जनचं उत्तर त्यांच्या सकाळच्या ओपीडीआधी आलं, ठीक आहे, काठी सोडा, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, पुढचा एक्सरे वर्षानं.